हिरव्या चहाचा रंग आणि मोल

लखनौस बदलून आलेल्या मराठी माणसाचा 'हिरव्या चहा'च्या बाबतीत प्रथम थोडा घोटाळाच होतो. आपल्याकडे हिरवा चहा म्हणजे परसात न्हाणीच्या पाण्यावर वाढणारी गवती चहाची पात. पडसे आले की आल्याबरोबर ती पातेल्यात पडावयाची, आणि घरातील वडीलधाऱ्या बायका तिलाच हिरवा चहा म्हणावयाच्या. त्या सुगंधी गवताचा व चहाच्या झुडपाचा वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने सुतराम संबंध नाही. येथे अमीनाबादेत किंवा चौकात 'सब्ज चाय' मागितली की दुकानदार पुढे करतो ती खऱ्या चहाची, पण न आंबवलेली, वळून सुकवलेली पाने. हिवाळ्यात याच शहरात रस्तोरस्ती जो गुलाबी 'काश्मीरी चाय' मिळतो, तोही मुळात याच हिरव्या पानांचा असतो. हे ऐकून नवख्या माणसाला आश्चर्य वाटल्यावाचून राहत नाही.

दुकानात बरण्या चार, भाव चार. एकाच्या दुप्पट दुसऱ्याचा, आणि दुसऱ्याच्या तिप्पट डबाबंद मालाचा. घ्यावे कोणते? सरकारी नोकरीत ज्यांची हयात तीन-तीन वर्षांच्या मुक्कामांत विभागली जाते, त्यांना परक्या बाजारात मालाची पारख करावयाचा प्रसंग नेहमीच येतो; आणि ओळखीचा दुकानदार नसला म्हणजे आपण सारे दोनच गोष्टींवर भरवसा टाकतो, एक भाव आणि दुसरी डोळ्यांना दिसणारा रंग. हिरव्या चहाच्या इतिहासात नेमक्या याच दोन गोष्टींनी गिऱ्हाइकाला अडीचशे-तीनशे वर्षे फसविले आहे. त्या इतिहासाचा एक मोठा भाग आपल्या या प्रांताच्या डोंगरात घडला, म्हणून त्याची थोडी उजळणी येथे करावीशी वाटते.

हिंदुस्थानात चहा इंग्रजांनी आणला असे सरसकट म्हटले जाते. ते लागवडीपुरते बव्हंशी ठीक आहे, पिण्यापुरते नाही. मँडेल्स्लो हा जर्मन प्रवासी १६३८ साली, म्हणजे शिवरायांच्या जन्मानंतर अवघ्या आठ वर्षांनी, सुरतेस होता. तेथील व्यापाऱ्यांच्या रोजच्या बैठकीत चहा असे, असे त्याने नमूद केले आहे. १६८९ मध्ये सुरतेस आलेला पाद्री ओव्हिंग्टन याने तर वाणी लोक चहात मसाला, खडीसाखर वा लिंबू घालून तो डोकेदुखीवर व पोटाच्या विकारांवर औषध म्हणून घेतात, असे लिहून ठेवले. हा सगळा माल चीनचा. काश्मीरात उत्तरेकडून लडाखमार्गे येणाऱ्या विटेच्या चहास 'सब्ज' म्हणत आणि दुसऱ्या एका प्रकाराला 'सुरती' हे नाव होते. सुरतेचे नाव एवढ्या दूर डोंगरात चहाच्या पानावर उमटावे, ही गोष्ट पश्चिम किनाऱ्यावरच्या आम्हां लोकांना सुखावणारी आहे.

काळा चहा व हिरवा चहा ही दोन झाडे नव्हेत. युरोपातील विद्वानांना हे दीर्घकाळ ठाऊक नव्हते. खुद्द लिनियसने आपल्या ग्रंथाच्या १७६२ च्या आवृत्तीत त्यांना दोन निरनिराळ्या जातींची नावे दिली होती. वस्तुतः फरक आहे तो करण्यात. खुडलेले पान तसेच ठेवून, चुरून, हवेशी त्याचा संबंध येऊ दिला की ते तांबूस होते व काळा चहा तयार होतो. तेच पान ताबडतोब तापल्या कढईत परतले किंवा वाफवले म्हणजे तो पालट थांबतो आणि हिरवा रंग बराचसा टिकतो. बराचसाच, सगळा नव्हे. कढईत परतलेल्या चांगल्या हिरव्या चहाचा रंग किंचित पिवळट, करडी झाक असलेला असतो. पोपटी किंवा निळसर हिरवा नसतो. पुढची सारी कथा या एका झाकेवरून घडली.

इंग्लंडात चहावर जबर कर होता. १७८४ पूर्वी तो शेकडा ११९ पर्यंत चढला होता. साहजिकच चोरटा माल आला, आणि चोरट्या मालाबरोबर बनावट मालही आला. अ‍ॅश नावाच्या झाडाची व काटेरी झुडपांची पाने वाळवून, रंगवून चहात मिसळण्याचा धंदा इतका बोकाळला की १७७७ साली पार्लमेंटाला त्याविरुद्ध कायदा करावा लागला. हिरवा चहा बनावट करणे तुलनेने सोपे, म्हणून शहाण्या गिऱ्हाइकाचा कल काळ्याकडे वळत गेला. १७८४ च्या कायद्याने कर साडेबारा टक्क्यांवर आला तेव्हा चोरट्या आयातीचे कंबरडे मोडले. कर उतरला की लबाडी उतरते, हे त्या वेळच्या अर्थमंत्र्याला उमगले. परंतु लबाडी संपली मात्र नाही. तिने मुक्काम हलविला, इतकेच.

तो मुक्काम चीनमध्येच होता. १८४४ साली रॉबर्ट वॉरिंग्टन या लंडनच्या रसायनज्ञाने बाजारातील हिरव्या चहाचे नमुने तपासले, तेव्हा पानांवर प्रशियन ब्लू या निळ्या रंगद्रव्याचा व जिप्समचा लेप आढळला. चार वर्षांनी रॉबर्ट फॉर्च्यून हा स्कॉटिश माळी ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, चिनी वेष करून, डोईवर वेणी लावून, हिरव्या चहाच्या मुलखात शिरला. त्याने हा प्रकार प्रत्यक्ष पाहिला. कारखान्याचा मुकादम निळा रंग खलात बारीक कुटी. जिप्सम भाजून त्याची भुकटी करी. चार भाग जिप्समास तीन भाग निळा असे मिश्रण करून शेवटच्या भाजणीच्या वेळी, पान कढईतून काढण्याच्या पाचेक मिनिटे आधी, ते त्यावर पेरी. कामगार पाने हाताने परतीत. त्यांचे हात निळे झालेले. साडेचौदा पौंड चहाला एका औंसाहून थोडा अधिक रंग लागतो, हे फॉर्च्यूनने मोजून घेतले. शंभर पौंड चहामागे अर्ध्या पौंडाच्या आसपास रंग व जिप्सम पिणाऱ्याच्या पोटात जाते, असा हिशेब त्याने मांडला आणि १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी त्या रंगद्रव्यांचे नमुनेही धाडले.

येथे एक न्याय्य गोष्ट सांगितली पाहिजे. प्रशियन ब्लू हे काही तात्काळ मारणारे विष नव्हे, आणि चिनी कारागीर मुद्दाम कोणाला मारावयास बसला नव्हता. त्याचे म्हणणे सरळ होते. परदेशी लोकांना एकसारखा, चकचकीत, निळसर चहा आवडतो, त्याला ते अधिक दाम देतात, आणि रंग स्वस्त आहे. मग का घालू नये? चिनी मनुष्य स्वतः तो रंगवलेला चहा पीत नसे. आम्हांस वाटते, या प्रकरणातला सर्वांत बोचरा भाग हाच आहे. जो माल करणारा स्वतः तोंडाला लावीत नाही, त्यालाच परदेशी गिऱ्हाईक जास्त भाव मोजून उत्तम समजत होते. आणि रंगाच्या लेपाखाली जून पान, पिवळे पडलेले पान, मागच्या सालचे पान सहज लपत होते. खरे नुकसान तेथे होते.

फॉर्च्यूनची ही मोहीम आपल्या हिमालयासाठी होती. चीनच्या व्यापारातील कंपनीचा मक्ता १८३३ च्या कायद्याने गेला. १८३४ साली बेंटिंकने चहासमिती नेमली. १८३५ पासून अल्मोड्याजवळ लछमेसर व भीमतालजवळ भरतपूर येथे रोपवाटिका निघाल्या. सहारनपूरच्या सरकारी वनस्पति-उद्यानाचे अधीक्षक, प्रथम फाल्कनर व नंतर जेमसन, या कामाचे चालक. १८४२ मध्ये चिनी कारागीर कुमाऊंत आले आणि १८४४ साली जेमसनने देहरादूनच्या दरीत कौलागढचा मळा घातला. फॉर्च्यून १८५१ मध्ये चीनमधून काचेच्या बंद पेट्यांतून रोपे घेऊन कलकत्त्यास उतरला. गंगेवरून प्रयागपर्यंत व पुढे खुष्कीने ती सहारनपुरास पोचली. बारा हजारांहून अधिक रोपे जिवंत होती. बरोबर चिनी कारागीर व त्यांची हत्यारेही होती.

फॉर्च्यूनने येथील मळे पाहून जो अहवाल दिला, तो सरकारी नोकरीतल्या वाचकाने अवश्य ध्यानात घ्यावा असा आहे. कौलागढची जमीन सपाट. तेथे भातखाचरासारखे पाटाचे पाणी दिलेले. चीनमध्ये चहा डोंगरउतारावर, निचऱ्याच्या जमिनीत होतो. तेथे पाट सोडण्याची रीत नाही. पाणी देऊन आणि वारंवार खुडून पान जास्त निघते, पण झाड खचते, असे फॉर्च्यूनचे मत पडले. जेमसन पाण्याच्या बाजूचा. दोघे एकाच सरकारचे नोकर, दोघांना आपापल्या परीने यश दाखवावयाचे होते. जेमसनला एकरी उत्पन्नाचे आकडे वर पाठवावयाचे होते, फॉर्च्यूनला पानाचा कस पाहावयाचा होता. अशी जुगलबंदी कोणत्या खात्यात होत नाही? सरकारने अखेरीस मळेच विकावयास काढले. १८६७ साली कौलागढचा मळा सिरमूरच्या राजाने वीस हजार पौंडांना, म्हणजे त्या वेळच्या दोन लाख रुपयांना घेतला.

याच सुमारास कांगड्याच्या खोऱ्यातही चहा उभा राहिला. तेथील मळ्यांची सुरुवात जेमसननेच १८४९ मध्ये केली होती. आता प्रश्न होता तो गिऱ्हाइकाचा. लंडनला काळा चहा हवा होता, आणि आसामात मोठमोठे मळे व यंत्रे उभी राहिल्यावर स्वस्ताईत त्यांच्याशी टक्कर देणे या डोंगरी मळ्यांना शक्य नव्हते. चिनी जातीचे झुडूप बारीक पानाचे, उत्पन्न कमी. त्यात माल खेचरांवरून खाली आणावयाचा. देहरादूनला रेल्वे पोचली ती १९०० मध्ये. तेव्हा या मळ्यांना तारले ते लंडनने नव्हे, अमृतसरने. तेथील व्यापारी हिरवा चहा घेत व तो काश्मीर, काबूल आणि त्यापलीकडे मध्य आशियात पाठवीत.

हे उत्तरेकडील गिऱ्हाईक इंग्रज गिऱ्हाइकाहून निराळे होते. काबूलचा किंवा बुखाऱ्याचा माणूस हिरवा चहा बिनदुधाचा, पेल्यामागून पेला, दिवसभर पितो. दूध नसले की पानाचा दोष झाकावयास आडपडदा राहत नाही. जुनेपणाची कुबट चव, करपलेपणा, कडवटपणा, सारे जिभेला लागते. रंगावर दाम मोजणारे गिऱ्हाईक आणि जिभेवर दाम मोजणारे गिऱ्हाईक यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो. डोंगरी मळ्यांचा चहा या दुसऱ्या गिऱ्हाइकाने उचलला, ही त्या चहाला मिळालेली मोठीच पावती आम्ही मानतो. लंडन व ॲम्स्टरडॅम येथील प्रदर्शनांत कांगडा चहाने सुवर्णपदके पटकावली, त्यांपेक्षाही मोठी.

परंतु गुणाला भाव मिळत राहील अशी हमी इतिहास देत नाही. मध्य आशियात रशियाचा अंमल पसरला आणि हिंदुस्थानच्या मालावर जबर जकाती बसल्या. ४ एप्रिल १९०५ च्या भूकंपात कांगडा उद्ध्वस्त झाला. सुमारे वीस हजार माणसे दगावली, चहाचे कारखाने जमीनदोस्त झाले आणि बहुतेक गोरे मळेवाले मळे विकून निघून गेले. फाळणीने अमृतसरचा काबूलकडचा रस्ता तुटला. कुमाऊंतील बेरीनागचा चहा भोटिया व्यापारी तिबेटकडे नेत. १९६२ च्या युद्धानंतर ती वाटही बंद झाली. मालात खोट नव्हती, रस्ते बंद झाले. उरलेले मळे हळूहळू ओस पडले. देहरादूनचे कित्येक वाढत्या शहराच्या पोटात गेले. लखनौच्या सचिवालयातून ज्यांचा कारभार चाले, ते हे डोंगरी जिल्हे २००० च्या नोव्हेंबरात उत्तराखंड होऊन निघाले आणि त्यांच्याबरोबर चहाच्या फायलीही गेल्या. कांगडा चहाला २००५ साली, आणि बेरीनागच्या चहाला २०२३ साली भौगोलिक निर्देशांकाची सरकारी मोहर मिळाली. उशिरा का होईना, पानाचे गाव पुड्यावर लिहिण्यास कायद्याचा आधार मिळाला.

आता लखनौच्या गुलाबी चहाकडे वळू. नवाबी काळापासून येथे काश्मीरी पंडितांची वस्ती आहे. काश्मीरी मोहल्ला आजही त्या नावाने ओळखला जातो. उर्दू गद्याचा बादशहा रतननाथ सरशार आणि कवी चकबस्त हे याच समाजातले. काश्मीरी मंडळींबरोबर त्यांचा चहाही या शहरात आला असावा, असे मानावयास जागा आहे. मात्र लखनौने त्याचे रूप पालटले. काश्मीरात तो मिठाचा. येथे साखरेचा, वर सायीचा जाड थर. या शहरात सायीला 'मलाई' म्हणत नाहीत, 'बालाई' म्हणतात. लखनौची जीभ सायीला देखील अदबीने बोलावते!

या चहाचा गुलाबी रंग मात्र खरा रसायनशास्त्राचा चमत्कार आहे. हिरवी पाने चिमूटभर खाण्याचा सोडा घालून बराच वेळ उकळतात, पळीने उंचावरून पुनःपुन्हा ओतून त्यात हवा खेळवतात, मध्ये गार पाणी घालतात. सोड्याच्या क्षारतेमुळे व हवेमुळे पानातील द्रव्ये गडद तांबडी होतात. त्यात दूध पडले की गुलाबी. यास तासन् तास लागतात, जळण लागते, पानही बेताने घालून चालत नाही. पेल्यामागे मिळणारा नफा तुटपुंजा. म्हणून काही ठिकाणी साधाच चहा करून त्यात खाण्याच्या रंगाची चिमूट टाकतात. आला ना तोच चिनी मुकादम पुन्हा? फक्त निळ्याच्या जागी गुलाबी. ओळखावयाची खूण अशी : खरा गुलाबी चहा किंचित मातकट, फिकट विटेच्या वळणाचा असतो, भडक, एकसारखा, लहान मुलांच्या मिठाईसारखा गुलाबी दिसला की पितळी समोवाराच्या थाटाला भुलू नये.

या चहाच्या निमित्ताने भावाची एक गोष्ट समजते, जी नुसत्या 'उत्तम ते महाग' या हिशेबात बसत नाही. तासन् तास सोड्यात उकळावयाच्या चहासाठी कांगड्याच्या पहिल्या खुडीचे नाजूक पान घेणे हा निव्वळ अपव्यय आहे; त्याचा सुवास पहिल्या दहा मिनिटांतच वाफेबरोबर निघून जातो. तेथे जाड, दणकट, कमी भावाचे पानच योग्य. उलट गरम पाण्यात दोन-तीन मिनिटे भिजवून बिनदुधाचा प्यावयाचा असेल, तर हेच स्वस्त पान घोटाघोटाला आपली किंमत सांगते. आपल्या मराठी घरात चहाला खळखळून उकळी फोडल्याशिवाय तो झाला असे वाटत नाही. हिरव्या चहावर हा संस्कार केला की चांगले पानही कडू होते, आणि मग दोष पानावर येतो. पाणी उकळून चार मिनिटे थांबावे, मग ओतावे.

बरणीवरच्या नावांनीही दबून जाऊ नये. 'यंग हायसन', 'हायसन', 'गनपावडर' ही जुनी चिनी-इंग्रजी नावे मुख्यतः पानाचा आकार, वळण आणि चाळणीचा नंबर सांगतात. कस सांगत नाहीत. गनपावडरच्या घट्ट गोळ्या जरा जास्त दिवस टिकतात, एवढा त्यांचा गुण खरा. खुडीचे साल मात्र विचारावे. हिरवा चहा ठेवून मुरत नाही, उतरतो. लखनौचा जूनमधला उन्हाळा आणि मागाहून येणारा दमट पावसाळा उघड्या बरणीत काढलेले पान कोणत्याही भावाला महागच. म्हणून किलोने स्वस्त मिळतो तो घेण्यापेक्षा शंभर ग्रॅम ताजा घ्यावा. पेल्याला दोन ग्रॅम धरले तर शंभर ग्रॅमांत पन्नास वेळा पान पडते. चांगले अखंड पान दुसऱ्या व तिसऱ्या पाण्यालाही चव देते, चुरा पहिल्यातच संपतो. समजा, दोनशे रुपयांच्या चुऱ्याचे पन्नास पेले झाले, तर पेल्याला चार रुपये पडले. चारशेच्या अखंड पानाचे दीडशे झाले, तर पेल्याला पावणेतीन रुपयेही पडले नाहीत. मात्र डब्याच्या कागदावरील वेलबुट्टीसाठी याच्याही तिप्पट मोजावयास सांगणारा हिशेब आम्हांस अजून कोणी पटवून दिलेला नाही.

पारखण्यास प्रयोगशाळा लागत नाही. वाळलेले पान तळहातावर घेऊन त्यावर श्वास सोडावा व हुंगावे. ताज्या पानाला वाळल्या गवताचा, किंचित गोडसर वास येतो, जुन्याला पेटीतल्या कागदाचा. भिजलेले पान बशीत उलगडून पाहावे : कोवळे टोक व त्याखालची दोन पाने दिसतात, की नुसते देठ आणि तुकडे? आणि रंगाचा संशय असेल तर चिमूटभर कोरडा चहा ओल्या टीपकागदावर पसरून ठेवावा. थोड्या वेळाने पाने झटकून, कागद धुऊन उजेडात धरावा. रंगवलेले पान तेथे आपला हिरवा वा निळा ठिपका सोडून जाते. न रंगवलेल्या पानाच्या जागी फार तर फिकट पिवळट ओल उरते.